टमी टकची (पोटाची सैल कातडी काढायच्या ऑपरेशनची) तारीख ३ आठवड्यांवर आलीये, कोणत्या गोळ्या, सप्लिमेंट्स, काढे बंद करायचे?

द्राक्षनगरी:
नमस्कार सगळ्यांना. थोडं लांबण लागेल पण वाचा प्लीज. वय ४१, दोन सिझर झालीयेत, धाकटा आता ९ वर्षांचा आहे. दुसऱ्या सिझरनंतर पोटाचे स्नायू मधोमध जे फाकले ते परत जवळ आलेच नाहीत, १४ किलो वजन कमी केलं तरी ओटीपोटावरची कातडी लोंबतीच आहे, उन्हाळ्यात त्या घडीखाली घाम साचून चट्टे उठतात आणि पाठ तर कायम धरलेली. शेवटी पुण्यात एका प्लास्टिक सर्जनना दाखवलं, टमी टक करायची आणि त्यातच स्नायूही शिवून घ्यायचे असं ठरलंय. तारीख बरोबर ३ आठवड्यांनी.

आता प्रश्न. क्लिनिकमधून एक झेरॉक्स कागद दिलाय, इंग्रजीत. त्यात म्हटलंय की रक्त पातळ करणारी औषधं, हर्बल सप्लिमेंट्स, व्हिटॅमिन ई हे सगळं २ आठवडे आधी बंद. पहिल्या भेटीत तिथल्या ज्युनिअर डॉक्टरांनी विचारलं होतं, कुठलं औषध चालू आहे का. मी सांगितलं थायरॉइडची ५० ची गोळी, बाकी काही नाही. आणि मी खोटं बोलत नव्हते हो, मला खरंच तसंच वाटत होतं. घरी येऊन कागद नीट वाचला, मग डायनिंग टेबलावरचा स्टीलचा गोल डबा उघडला तर त्यात निघालं काय काय: एव्हिऑन ४०० (म्हणजे व्हिटॅमिन ई), फिश ऑइलच्या पिवळ्या कॅप्सूल, केसांसाठी बायोटिनच्या गमीज, जावेने दिलेली अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल (काळ्या मिरीचा अर्क घातलेल्या), कॉम्बिफ्लामची अर्धी पट्टी. शिवाय सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या कोलेस्टेरॉलसाठी, आणि सासूबाई रोज एक काढा करतात तो सगळ्या घराला असतो.

अजून दोन गोष्टी. तारीख नेमकी पाळीच्या दिवसांत येतीये, गणपतीत मी नेहमी पाळी पुढे ढकलायची गोळी घेते तशी आत्ता घेतली तर चालेल ना? आणि दुसरं लिहायला लाज वाटतीये, पण मी मिश्री लावते, लग्नाआधीपासूनची सवय आहे, दिवसातून दोनदा. ती काय औषध नाही त्यामुळे सांगायचा प्रश्नच आला नव्हता.

हो, आणि मागच्या आठवड्यात टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) ०.२ म्हणजे कमी आलाय, इथले डॉक्टर म्हणतायत की थायरॉइडची गोळी ५० वरून २५ करू. तेही ऑपरेशनच्या आधी बदलायचं का? डोकं अगदी भणाणलंय.

पावसाळी_दुपार:
ताई, तुमचं वाचून मला माझंच आठवलं म्हणून लगेच लिहितीये. माझं ब्रेस्ट रिडक्शन झालं ४ वर्षांपूर्वी. मलाही विचारलं होतं औषध चालू आहे का आणि मीही नाहीच म्हटलं होतं. फिश ऑइल आणि व्हिटॅमिन ई रोज चालू होतं आणि ऑपरेशनच्या ३ दिवस आधी डोकं प्रचंड दुखायला लागलं, टेन्शननेच असणार, तर दोन दिवस डिस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिनच) पाण्यात विरघळवून घेतली, आपल्याकडे ती घरातच असते, ती औषधात धरतच नाही कुणी.

ऑपरेशन छान झालं. रात्री ११ च्या सुमाराला उजवी बाजू ठणकायला लागली, डावी नुसती दुखत होती पण उजवी ठणकत होती, हा फरक लक्षात ठेवा. तो घट्ट सर्जिकल ब्रा असतो ना, तो एकाच बाजूला आवळल्यासारखा वाटायला लागला. नर्सला बोलावलं, तिने टॉर्च मारून बघितलं, कातडी ताणून चकचकीत झालेली आणि पिकल्या जांभळाचा रंग. ड्रेनच्या (जखमेत साठणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) बाटलीत संध्याकाळपर्यंत फिकट लाल पाणी येत होतं ते आता गडद आणि भराभर भरत होतं. रात्री दीड वाजता परत ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये). आत रक्त साठून गोळा झाला होता, तो काढला, जिथून झिरपत होतं ते बंद केलं, परत टाके. हिमोग्लोबिन ११.८ चं ८.१ वर आलं आणि सहा महिने त्या बाजूचा व्रण जाडच राहिला.

सर्जननी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. रक्त साठायला इतरही कारणं असतात, सगळं नीट पाळूनही काहींना होतं असं त्यांनीच सांगितलं. पण मी जे सांगितलं नव्हतं ते मलाच माहीत होतं ना. तुम्ही ३ आठवडे आधी विचारताय, खूप चांगलं केलंत.

भूल_आणि_झोप:
मी भूलतज्ज्ञ आहे, विदर्भात प्रॅक्टिस करतो, रोज सकाळी ओटीच्या दाराशी हाच संवाद होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. हे सगळं तुमच्या स्वतःच्या सर्जन आणि भूलतज्ज्ञांशी बोलण्यासाठी आहे, त्यांच्या ऐवजी नाही.

ताई, तुमच्या डब्यात जे निघालं त्यातलं बरंचसं मला फार घाबरवत नाही. तुम्ही शेवटी लाजत लाजत लिहिलं ते घाबरवतं. मिश्री. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, हिरडीतून निकोटिन सरळ रक्तात जातं. टमी टकमध्ये बेंबीखालची कातडी काढून टाकतात आणि वरची कातडी पार बरगड्यांपर्यंत खालून सोडवून, ताणून खाली आणून शिवतात. त्या ताणलेल्या कातडीची मधली खालची कड ही रक्तपुरवठ्याच्या दृष्टीने सगळ्यात शेवटचं गाव, तिथे रक्त दोन्ही कुशींकडून बारीक नळ्यांनी पोचतं. निकोटिनने त्या नळ्या आकसतात आणि मग तीच कड काळी पडते, सुटते, महिना महिना ड्रेसिंग चालतं. सिगारेटबद्दल सगळे विचारतात, बाईला मिश्रीबद्दल कुणी विचारत नाही आणि ती आपणहून सांगत नाही. साधारण ४ आठवडे आधी आणि ४ आठवडे नंतर पूर्ण बंद हवी. निकोटिनची च्युइंगगम किंवा पट्टी हा ह्या ऑपरेशनपुरता पर्याय धरू नका, निकोटिन ते निकोटिनच, घ्यायचीच असेल तर सर्जनला विचारून. तुमच्याकडे ३ आठवडे आहेत, त्यामुळे उद्याच फोन करून सांगा. तारीख पुढे गेली तर जाऊ द्या, हे ऑपरेशन सवडीने करायचं आहे, ॲपेंडिक्स फुटलेलं नाही.

दुसरं, पाळी पुढे ढकलायची गोळी. नका घेऊ. कॉस्मेटिक ऑपरेशनांमध्ये पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका टमी टकमध्ये सगळ्यात जास्त असणाऱ्यांत येतो, पोट आवळून शिवलेलं, चालणं वाकून आणि कमी, वर वय ४० च्या पुढे. पाळी ढकलायला बहुतेक नॉरएथिस्टेरॉन देतात, जास्त डोसमध्ये त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेनने रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या ह्याच कारणाने साधारण ४ आठवडे आधी थांबवायला सांगतात (आणि तेवढे दिवस दुसरं साधन वापरा, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आलेली मी पाहिलीये). पाळी चालू असताना ऑपरेशन करायला वैद्यकीय अडचण नसते, नर्सना सवय असते, तुम्ही फक्त आधी सांगून ठेवा.

आता डबा. ॲस्पिरिनपासून सुरुवात करतो कारण वरच्या ताईंचं तेच झालं. रक्त थांबवायचं पहिलं काम प्लेटलेट्स करतात, ॲस्पिरिन त्या प्लेटलेटला कायमची निकामी करतं, आणि प्लेटलेट जगते ७ ते १० दिवस. म्हणजे गोळी पोटातून कधीच गेलेली असते पण निकामी प्लेटलेट्स फिरतच असतात. म्हणून ७ ते १० दिवस, आणि बरेच प्लास्टिक सर्जन सरळ १४ दिवस सांगतात. कॉम्बिफ्लाममधलं आयबुप्रोफेन तसं कायमचं नाही करत, त्याचा परिणाम एखाद्या दिवसात ओसरतो, तरी सर्जन आठवडाभर आधीपासून नको म्हणतात, पाळा. डोकं दुखलं तर नुसतं पॅरासिटामॉल.

एव्हिऑन बंद, २ आठवडे. व्हिटॅमिन ई जास्त डोसमध्ये प्लेटलेट्सवर परिणाम करतं आणि तुम्हाला त्याची कमतरता असण्याची शक्यता फारच कमी आहे. हळदीच्या कॅप्सूल बंद, त्यात मिरीचा अर्क असतो तो हळद आणि इतर औषधंसुद्धा रक्तात जास्त शोषून घ्यायला लावतो. फोडणीतली हळद चालू दे. लसूणही भाजीत, चटणीत चालेल, ते उपाशीपोटी पाकळ्या खाणं मात्र थांबवा. २००१ साली जामा ह्या नियतकालिकात औषधी वनस्पती आणि ऑपरेशन ह्यावर एक लेख आला होता, तो आजही आम्ही वापरतो, त्यात लसणाला निदान ७ दिवस आणि जिन्सेंगलाही ७ दिवस सांगितलेत. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सरसकट २ आठवडे सांगितलं, कारण बाटलीत नेमकं काय आणि किती आहे त्याचा भरवसा नसतो. फिश ऑइलबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर पुरावा उलट बाजूचा आहे, हृदयाच्या ऑपरेशनवाल्या दीड हजार पेशंटवरच्या ओपेरा नावाच्या चाचणीचं विश्लेषण २०१८ मध्ये आलं, त्यात फिश ऑइलने रक्तस्राव वाढलेला दिसला नाही. तरी तुमच्या सर्जनच्या कागदावर असेल तर बंद करा, दोन आठवडे न घेतल्याने काही बिघडत नाही.

अश्वगंधा बंद. ती गुंगी वाढवू शकते, आणि तुमच्या बाबतीत दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, ती थायरॉइडचे हार्मोन वाढवू शकते. आणि बायोटिन! बायोटिनने रक्त वाहत नाही, पण कित्येक लॅबच्या मशीनमधली थायरॉइडची तपासणीच बायोटिनच्या रसायनावर चालते, पेशंटच्या रक्तात ते भरपूर असलं की टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी४ हे थायरॉइडचं हार्मोन खोटं जास्त. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये ह्याचा इशारा दिलाय, ट्रोपोनिन ह्या हार्ट ॲटॅकच्या टेस्टबद्दलसुद्धा. तुमचा ०.२ खरा आहे, अश्वगंधेचा आहे की गमीजचा आहे हे आत्ता सांगता येणार नाही. गोळी आपल्या मनाने २५ करू नका, तुमच्या डॉक्टरांना गमीज आणि अश्वगंधा दोन्ही सांगा आणि सगळं थांबवून टेस्ट परत करून घ्या. थायरॉइडची गोळी चालूच राहते, ऑपरेशनच्या दिवशी सकाळीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर.

एक विनंती. तो स्टीलचा डबा तसाच पिशवीत घालून पीएसीला (भुलेआधीच्या तपासणीला) घेऊन जा. नावं लिहून नका नेऊ, डबाच न्या.

काउंटरपलीकडून:
कोल्हापुरात मेडिकल आहे, ३० वर्षं काउंटरला उभा आहे. डॉक्टर साहेबांनी व्यवस्थित सांगितलंय, मी फक्त पट्टीच्या मागच्या बाजूबद्दल सांगतो. लोक ब्रँड लक्षात ठेवतात आणि आत काय आहे ते नाही. कॉम्बिफ्लाम म्हणजे आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. झिरोडॉल-पी म्हणजे ॲसिक्लोफिनॅक प्लस पॅरासिटामॉल. व्होवेरान म्हणजे डायक्लोफिनॅक. मेफ्टाल-स्पास, पोट दुखलं की बायका घेतात ती, त्यात मेफेनॅमिक ॲसिड. ही सगळी आयबुप्रोफेनच्याच जातीची, आणि निम्म्या पट्ट्यांवर पॅरासिटामॉलही लिहिलेलं असतं त्यामुळे "डॉक्टर म्हणाले पॅरासिटामॉल चालेल" म्हणून लोक हीच घेऊन जातात. नुसतं पॅरासिटामॉल म्हणजे डोलो, क्रोसिन, कॅलपॉल, मागे एकच नाव असलेलं. तेही दिवसात किती ते डॉक्टरांना विचारून.

दुसरी गंमत नव्हे, धोका म्हणा, तो जोडगोळ्यांचा. इकोस्प्रिन-एव्ही घेणारे काका मला सांगतात ही कोलेस्टेरॉलची गोळी. त्यात ॲटोर्व्हास्टॅटिन आहे तसं ॲस्पिरिनही आहे. क्लोपिलेट-ए मध्ये क्लोपिडोग्रेल (तेही रक्त पातळ करणारं) आणि ॲस्पिरिन दोन्ही. घरात कुणाचं कसलंही ऑपरेशन ठरलं की पट्ट्या उलट्या करून मागचं बारीक अक्षर वाचा, दिसत नसेल तर आमच्याकडे आणा, आम्ही वाचून देतो, त्याचे पैसे पडत नाहीत.

आणि ताई मिश्रीबद्दल लाजू नका. माझी आई ६० वर्षं लावायची.

सह्याद्रीवारा:
मला एक कळत नाही, लसूण हळद ज्येष्ठमध आपल्या घरात पिढ्यान्पिढ्या आहे, आज्यांनी बाळंतपणं ह्याच्यावर काढली, आणि आता एका ऑपरेशनसाठी हे सगळं विष झालं का? उगाच आयुर्वेदाला बदनाम करायचं चाललंय असं वाटतं. काढ्याने कुणाला काय झालंय.

वाळा_आणि_सुंठ:
सह्याद्रीवारा, मी स्वतः वैद्य आहे, बीएएमएस करून १६ वर्षं चिकित्सा करतोय आणि तुमच्या मनातली कळकळ समजते. पण औषधात गुण आहे म्हटलं की परिणामही आहे हे मान्य करावंच लागतं, परिणामच नसेल तर मी पेशंटला देतो कशाला? भूलतज्ज्ञांनी हळदीला विष म्हटलेलं नाही, भाजीतली हळद चालू ठेवा असंच लिहिलंय. चिमूटभर हळद आणि अर्क काढून आटवलेली कॅप्सूल ह्यांत मात्रेचा फरक आहे, आणि मात्रेचा विचार तर आपल्या शास्त्राचा पाया आहे.

द्राक्षनगरीताई, काढ्यात काय काय पडतं ते सासूबाईंना विचारा. सुंठ, मिरी, तुळस, दालचिनी असेल आणि कपभर असेल तर मला तितकी काळजी नाही, तरी २ आठवडे बंद ठेवा. ज्येष्ठमध असेल तर नक्की बंद, रोज बरेच दिवस घेतलं की रक्तातलं पोटॅशियम कमी होतं आणि बीपी वाढतं, भूल देताना पोटॅशियम कमी असलं तर हृदयाचे ठोके चुकू शकतात. गुग्गुळाचे कल्प कुणी घेत असेल तर तेही २ आठवडे आधी थांबवावेत, थायरॉइडवर आणि रक्त गोठण्यावर दोन्हीकडे परिणामाची शक्यता धरतात.

आणि एक गोष्ट मला जाहीरपणे लिहायचीच आहे. सांधेदुखीची, दम्याची बिनलेबलची पुडी कुणी गावाकडून, जत्रेतून आणून घेत असेल, तीन दिवसांत जादूसारखा फरक पडला असेल, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. असली भेसळ वारंवार पकडली गेलीये. बरेच महिने स्टेरॉइड घेतलेल्या माणसाने ते एकदम थांबवलं तर ऑपरेशनच्या वेळी बीपी कोसळू शकतं, कारण शरीराने स्वतःचं बनवणं कमी केलेलं असतं. म्हणजे इथे गपचूप बंद करणं हेच घातक. ती पुडी आपल्या हाताने फेकू नका, भूलतज्ज्ञांना दाखवा. ह्याने बदनामी होत असेल तर ती पुडीवाल्याची होते, आयुर्वेदाची नाही.

सह्याद्रीवारा:
वैद्यजी, पुडीचं माहीत नव्हतं. माझी मावशी गुडघ्यासाठी अशीच पुडी घेते गेलं वर्षभर, तिचं मोतीबिंदूचं ठरलंय. आजच फोन करतो.

पंचगंगाकाठ:
इथे उलटी बाजू पण लिहिली पाहिजे म्हणून लिहितोय. वडील ६८, नाकाच्या कडेला एक व्रण बरा होत नव्हता, बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा निघाला, म्हणजे कातडीचा सावकाश वाढणारा कॅन्सर. तो काढून शेजारच्या गालाची कातडी सरकवून तिथे बसवायची, प्लास्टिक सर्जनच करणार होते. वडिलांना १४ महिन्यांपूर्वी स्टेंट टाकलेली, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू. नात्यातल्या कुणीतरी व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवली, प्लास्टिक सर्जरीच्या आधी हे हे बंद करा, त्यात ॲस्पिरिन पहिल्या नंबरला. वडील शिस्तीचे, त्यांनी कुणाला न विचारता दोन्ही गोळ्या बंद केल्या.

चौथ्या दिवशी रात्री जेवताना सहज म्हणाले, "बघ, पथ्य सुरू केलं मी." माझा घास हातातच राहिला. त्याच रात्री कार्डिओलॉजिस्टना फोन लावला. ते ओरडले नाहीत पण आवाज बदलला त्यांचा. म्हणाले ॲस्पिरिन आत्ताच्या आत्ता द्या, क्लोपिडोग्रेल मी आणि सर्जन बोलून ठरवतो. स्टेंटच्या आत गुठळी झाली तर सरळ हार्ट ॲटॅक येतो, त्यापुढे नाकावर थोडं रक्त जास्त येणं काहीच नाही. शेवटी क्लोपिडोग्रेल ५ दिवस थांबवली, ॲस्पिरिन चालू ठेवूनच ऑपरेशन झालं, रक्त थोडं जास्त आलं ते सर्जननी कॉटरीने (चटका देऊन) थांबवलं, गालावर आठवडाभर निळं राहिलं. आज नाक बघितलं तर सांगावं लागतं की इथे काही झालं होतं.

तेव्हा वरची यादी वाचून कुणी स्टेंट, झडप, अर्धांगवायू, हृदयाचे ठोके अनियमित ह्यासाठी चालू असलेली गोळी बंद करू नका. वॉरफरिन, अपिक्साबॅन ह्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सगळं त्यातच आलं. ती कधी थांबवायची आणि थांबवायची की नाही हे दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं असतं, आणि ते बोलले की नाही हे घरच्यांनी विचारायचं असतं.

ठाणे_लोकल:
ह्याच धाग्यात विचारतो. वय ३६, मी गेल्या वर्षापासून टिरझेपटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन घेतोय, ३१ किलो कमी झालेत, आता पोटाची आणि छातीची सैल कातडी काढायची आहे. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन पण आहे. मित्र म्हणतो इंजेक्शन महिनाभर आधी बंद कर. खरं काय?

भूल_आणि_झोप:
ठाणे_लोकल, ही इंजेक्शनं पोट सावकाश रिकामं करतात, त्यामुळे रात्रभर उपाशी असलेल्या माणसाच्या पोटातही अन्न सापडू शकतं आणि भूल देताना ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. २०२३ मध्ये सल्ला आला की आठवड्याचं इंजेक्शन एक आठवडा आधी थांबवा. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये काही संघटनांनी मिळून तो मवाळ केला, बहुतेकांना चालू ठेवता येतं पण डोस वाढवणं चालू असेल, मळमळ उलट्या पोटफुगी असेल तर धोका जास्त धरायचा, आणि आधीचे २४ तास फक्त पातळ पदार्थ. महिनाभराचं काही नाही. तुमचा डोस कधी वाढवला, शेवटचं इंजेक्शन कोणत्या वारी घेतलं हे भूलतज्ज्ञांना सांगा, वाराला महत्त्व आहे. सोनोग्राफी लावून पोट रिकामं आहे का तेही बघता येतं.

तुमच्या यादीत मला जास्त खटकली ती डॅपाग्लिफ्लोझिन. ती निदान ३ दिवस आधी थांबवायची असते. उपाशी राहिल्यावर ह्या गोळीने रक्तात ॲसिड साठतं, आणि फसवं असं की शुगर नॉर्मलच्या आसपास दिसते त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. जोडगोळ्यांमध्ये ती मेटफॉर्मिनबरोबर एकत्रही असते, काउंटरपलीकडूनकाका म्हणतात तसं पट्टी उलटी करून वाचा. मेटफॉर्मिन साधारण ऑपरेशनच्या दिवशी देत नाहीत. ह्या दोन्हींच्या जागी त्या दिवसांत शुगर कशी सांभाळायची ते तुमचे शुगरचे डॉक्टर सांगतील.

अजून दोन ओळी बाकीच्यांसाठी. बीपीच्या गोळ्यांपैकी टेल्मिसार्टनसारखी बहुतेक वेळा २४ तास आधी थांबवायला सांगतो, पण मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल ह्या जातीच्या कधीही अचानक बंद करायच्या नाहीत. डिप्रेशनच्या, झोपेच्या, फिटच्या गोळ्या घेणारे नातेवाइकांसमोर सांगायला कचरतात, त्यांनी नातेवाइकांना बाहेर पाठवा म्हणावं, आम्ही पाठवतो. एस्सिटॅलोप्रामसारख्या गोळीने रक्तस्राव किंचित वाढू शकतो, तरी स्वतःहून तोडायची नाही, एकदम थांबवली तर चक्कर, घाबरं होणं, झोप उडणं हे सगळं ऑपरेशनच्या तोंडावर येऊन पडतं.

द्राक्षनगरी:
सगळ्यांचे मनापासून आभार. १२ दिवसांनी लिहितीये, काय काय झालं ते सांगते.

दुसऱ्याच दिवशी क्लिनिकला फोन करून मिश्रीचं सांगितलं. फोनवर मला आधी दोन वेळा बोलताच येईना, मिस्टर बाजूला होते, त्यांना आमच्या लग्नापासून माहीत आहे पण बाहेरच्या माणसाला मी हे पहिल्यांदा सांगत होते. सर्जन स्वतः फोनवर आले. रागावले नाहीत, म्हणाले बरं झालं आता सांगितलंत, आणि तारीख ५ आठवडे पुढे नेली. मिश्रीची डबी मी मोरीच्या फळीवरून काढून विहिरीकडच्या कचऱ्यात टाकली. पहिले चार दिवस फार वाईट गेले, सकाळी हात आपोआप त्या फळीकडे जायचा, डोकं जड, पोट साफ नाही, मुलांवर खेकसले. आता बडीशेप आणि लवंग तोंडात धरते. आज १२ वा दिवस आहे.

डबा जसाच्या तसा पीएसीला नेला. भूलतज्ज्ञ मॅडमनी टेबलावर एक वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक गोष्ट काढून दोन ढीग केले. थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी एका बाजूला (हिमोग्लोबिन १०.४ निघालं म्हणून लोह आता सुरू केलंय, नव्या तारखेपर्यंत ते वर यायला पाहिजे), बाकी सगळं दुसरीकडे. दुसऱ्या ढिगाची पिशवी बांधून मिस्टरांच्या हातात दिली, माझ्या नाही. सासूबाईंच्या काढ्यात ज्येष्ठमध होतंच, आणि भरपूर. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं पण वैद्यांनी लिहिलेलं मी मोठ्याने वाचून दाखवलं तर त्यांनी स्वतःच्या कपातूनही ते काढलं, त्यांना बीपी आहे.

टीएसएच गमीज आणि अश्वगंधा थांबवून १० दिवसांनी परत केला. २.४ आला. दोन्हींतलं नेमकं कशामुळे बिघडला होता ते कळलं नाही, पण गोळी ५० चीच राहिली, आणि इथले डॉक्टर म्हणाले की मी आता प्रत्येक पेशंटला गमीजचं विचारणार.

पाळीची गोळी घेणार नाही. नवीन तारीख पुढच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आहे. पावसाळी_दुपारताई, ती उजव्या बाजूची ठणक, ते मी मिस्टरांना नीट समजावून ठेवलंय, रात्री ते जवळ असणार आहेत. तुमचा ड्रेन किती दिवस होता आणि झोपताना त्याची नळी कुठे अडकवायची ते सांगाल का?

पावसाळी_दुपार:
सांगते की. माझा ५ दिवस होता, टमी टकला बहुतेक जास्त दिवस ठेवतात, दिवसाकाठी किती येतं त्यावर सर्जन ठरवतात. पुढून उघडणारे मऊ सुती गाऊन दोन-तीन घेऊन ठेवा आणि ड्रेनची बाटली गाऊनला आतल्या बाजूने सेफ्टी पिनने अडकवा, पिन बाटलीच्या फासात घालायची, नळीला टोचायची नाही. बाटली पोटाच्या पातळीच्या खालीच राहिली पाहिजे. आणि रोज सकाळ-संध्याकाळ किती आलं ते एका वहीत लिहायचं, मिस्टरांनाच लिहायला सांगा, तुम्हाला पहिले दोन-तीन दिवस पेनही धरवणार नाही. टमी टकनंतर सरळ झोपता येत नाही, गुडघ्याखाली दोन आणि पाठीला तीन उशा लागतील, त्या आत्ताच काढून ठेवा.